सोसणं वेगळं, झेपणं वेगळं!

चौदा पायांची काळी आय.सी. तुम्ही कधी हातात घेऊन पाहिली आहे का? लांबी जेमतेम पाऊण इंच, दिसायला थेट एखाद्या किड्यासारखी! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत गेलात, तर अशा आय.सी. डबे भरभरून ठेवलेल्या दिसतील. त्यातली ७४ एलएस ०० नंबरची आय.सी. माझ्या विशेष आवडीची. तिच्या पोटात चार 'नँड गेट' असतात. गेटच्या दोन्ही तारांवर '१' आला, तर ते '०' देतं. एरवी '१' देतं. बस्स, एवढंच त्याचं काम!

पण चिपला अंक कुठे वाचता येतात? तिला कळतात फक्त व्होल्ट. तारेवर ०.८ व्होल्टपेक्षा कमी असलं, की ती म्हणते '०'. २ व्होल्टपेक्षा जास्त असलं, की म्हणते '१'. मग मधलं, म्हणजे १.४ व्होल्ट वगैरे? तिथे ती काहीही म्हणू शकते! गंमत पाहा, स्वतः उत्तर देताना मात्र ती जास्त काटेकोर असते. '०' म्हणायचं तर ०.५ च्या आत आणि '१' म्हणायचं तर २.७ च्या वर. म्हणजे वाटेत थोडी खळखळ झाली, तरी पुढच्या चिपला नीट ऐकू जावं. ऐकताना उदार, बोलताना नेमकी! मला हा गुण फार आवडतो.

ही सगळी वचनं ती पाळते. पण एका अटीवर. तिला लागणारी वीज ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यानच हवी. ही अट कुठे लिहिलेली असते? प्रत्येक आय.सी.चं एक माहितीपत्रक असतं, त्याला 'डेटाशीट' म्हणतात. त्यात दोन तक्ते असतात, आणि नेमकी इथेच पुष्कळांची गफलत होते. एका तक्त्यात लिहिलेलं असतं : जास्तीत जास्त ७ व्होल्ट. दुसऱ्यात असतं : ४.७५ ते ५.२५. मग खरं कोणतं? दोन्ही खरी! पहिला आकडा सोसण्याचा, दुसरा झेपण्याचा. सात व्होल्टच्या पलीकडे चिप कायमची बिघडू शकते. सव्वापाच ते सातच्या मध्ये ती कदाचित मरणार नाही, पण नीट काम करीन असं वचनही देत नाही.

माझ्या ओळखीच्या, आठवीतल्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी छान यंत्र केलं होतं. दार किंवा खिडकी उघडी राहिली, की दिवा लागायचा. संध्याकाळी सगळ्यांनी कौतुक केलं. सकाळी पाहते तो दिवा बंद आणि आय.सी. चटका बसेल इतकी गरम! "पैसे गेले पाण्यात. हे तुझं काम नव्हे," असं बाबा म्हणाले. ती डबा घेऊन माझ्याकडे आली. "काका, मला हे जमतच नाही. पण काल तर चालू होतं ना?"

तिने चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी जोडली होती. मी डेटाशीट पुढे ठेवलं. तिने ७ वर बोट ठेवलं, मग बॅटरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे काल ती नुसती सोसत होती!" अगदी बरोबर.

पण तेवढ्यावर भागत नव्हतं. व्होल्टेज म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची समजा, तर करंट म्हणजे नळातून वाहणारं पाणी. त्यालाही मर्यादा आहे. ही चिप '१' देताना फक्त ०.४ मिलिअँपिअरची हमी देते. पण '०' देताना ८ मिलिअँपिअर आत घेऊ शकते. देण्यापेक्षा घेण्यात वीसपट ताकद! म्हणून एलईडी चिप आणि जमीन यांच्यामध्ये न लावता ५ व्होल्ट आणि चिप यांच्यामध्ये लावायचा, सोबत ४७० ओहमचा रेझिस्टर. लाल एलईडी सुमारे १.८ व्होल्ट घेतो, चिपकडे ०.४ उरतात. राहिलेल्या २.८ ला ४७० ने भागा. सुमारे ६ मिलिअँपिअर! आठच्या आत.

आता दिवा '०' ला लागणार, म्हणजे यंत्र उलटं झालं. दार आणि खिडकी दोन्ही बंद असली, तरच दिवा. "मग 'सगळं ठीक आहे' असं सांगणारा दिवा म्हणू या!" ती म्हणाली. बॅटरी आणि चिप यांच्यामध्ये ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर बसवला. तो तिचे बाबाच घेऊन आले, कारण तोच कागद मी त्यांनाही दाखवला होता.

तुम्ही अर्डुइनो उनो आर३ वापरत असाल, तर तिथेही हेच. तिच्या एका पायाची सोसण्याची मर्यादा ४० मिलिअँपिअर, पण काम घ्यावं २० पर्यंतच. रास्पबेरी पायच्या पायांना तर ३.३ व्होल्टच चालतात, ५ नाहीत. मात्र घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगशी प्रयोग कधीच करायचे नाहीत, बरं का!

आणि आईबाबांनो, तुम्हालाही एक सांगणं. यंत्र बंद पडलं, की मुलाला बोल लावण्याआधी त्याच्या शेजारी बसून डेटाशीटचे ते दोन तक्ते वाचा. चिप काही रुपयांत नवी मिळते. "मला जमत नाही" हे एकदा मनात बसलं, की काढायला फार दिवस लागतात. कोणाला किती झेपतं, हे आधी पाहावं. नुसतं सोसतोय म्हणून भार वाढवत जाऊ नये.