शहापूर-मुरबाडला मुक्काम करा, पण पाणी जपून!

मैत्रिणींनो, सहलीचा विषय निघाला की महाबळेश्वर, माथेरान, फार तर काश्मीर! शहापूर-मुरबाडचे नाव कुणी घेत नाही. नाशिकला किंवा माळशेजला जाताना ही गावे खिडकीतून दिसतात आणि मागे पडतात. २०२५ साली समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तर थांबण्याचे कारणच उरले नाही. पण ठाणे जिल्ह्याचा हा भाग खरा पाहायचा, तर एक रात्र तरी बाजारपेठेतल्या लॉजवर काढायलाच हवी.

का, म्हणाल तर ऐका. शहापूरजवळचा माहुली किल्ला किंवा मुरबाडकडून नाणेघाट, दोन्ही चढण्या उन्हे तापण्याआधी सुरू करायला हव्यात. मुंबईहून पहाटेची लोकल धरली तरी पायथ्याशी पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर येतो. आदल्या संध्याकाळी आलात, की सकाळ तुमची!

शहापूरला यायचे तर कसाऱ्याच्या लोकलने आसनगावला उतरा. तिथून गाव तीनेक किलोमीटर, रिक्षा मिळते. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणहून एस.टी. गाठायची. २०२३ सालापासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा चार मैत्रिणी मिळून निघालात तर खर्चही अंगावर येत नाही.

इथल्या लॉज म्हणजे मोठी हॉटेले नव्हेत बरं का. खाली दुकाने, वर खोल्या, बाहेर एस.टी.चे हॉर्न. म्हणून आगाऊ पैसे देण्याआधी खोली स्वतः पाहा. दाराची आतली कडी नीट बसते का, नळाला पाणी केव्हा येते, हे विचारायला लाजू नका. रस्त्यावरची खोली नको, मागच्या बाजूची मागा. सोबत स्वतःची चादर, साबण, एक छोटे कुलूप आणि ओळखपत्र ठेवा. पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हसा गावची यात्रा आणि गुरांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा मुरबाडला गर्दी असते. त्या दिवसांत आधी चौकशी केल्याशिवाय निघू नका.

आणि हो, रजिस्टरात सही तुम्ही स्वतः करा. बरोबरच्या पुरुषमाणसावर सोपवू नका. याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवायला बसल्या. अंगठा सोडून सही करता येण्याचे मोल त्यांना विचारा!

माहुलीचे नाव इतिहासात आहे. १६३६ साली शहाजीराजे मोगलांच्या वेढ्यात सापडले ते याच गडावर, आणि जिजाबाई बाल शिवाजीसह त्यांच्या सोबत होत्या, असे सांगतात. माहुली, भंडारगड आणि पळसगड अशी याची तीन अंगे. गडाभोवती तानसा अभयारण्याचे जंगल आहे, म्हणून वाटाड्या घेतल्याशिवाय वर जाऊ नका.

नाणेघाटाची गोष्ट तर खास आपली. वैशाखऱ्याजवळून चढायला लागायचे. पायथा मुरबाडचा, माथा जुन्नर तालुक्याचा. वर खडकात कोरलेली गुंफा आहे आणि तिच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख. यज्ञ किती केले, गाई-घोडे किती दान दिले, सारे आकड्यांनिशी! दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नर-पैठणला जाई. गुंफेत बसायला दगडी बाक आहेत आणि आसपास पाण्याची कोरीव टाकी. म्हणजे या मुलखातली सर्वांत जुनी लॉज हीच म्हणा ना! घाट चढून आलेल्या वाटसरूला आधी सावली आणि पाणी द्यायचे, हे त्या काळच्या लोकांना नेमके कळले होते.

आता पाण्याचेच बोलू. तानसाचे धरण १८९२ सालचे, तेही शहापूर तालुक्यात आणि भातसाही इथलेच. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. दादर-गिरगावच्या स्वयंपाकघरात तुम्ही डाळ धुता ते पाणी बहुधा इथूनच आलेले असते. आणि होळी उलटली, की याच शहापूर-मुरबाडच्या डोंगरपाड्यांवर विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस इथे कोसळतो, पण उतारावरून, कातळावरून वाहून जातो. धरणे सखल भागात आणि पाडे उंचावर. डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन चढ चढणारी ठाकूर-कातकरी बाई तुम्हांला रस्त्यात दिसेलच. तिचा फोटो काढण्याची घाई करू नका. आधी तिला वाट द्या.

म्हणून लॉजवर उतरलात, की एका बादलीत आंघोळ उरका. चादर-टॉवेल रोज धुवायला टाकू नका. नळ गळत असेल तर मॅनेजरला सांगा. एवढ्याने पाड्यावर पाणी पोचणार नाही, हे खरे. पण घरी परतल्यावर नळाखाली भांडी घासताना हात आपोआप आखडेल. आणि पाड्यांच्या पाण्याचा प्रश्न निघाला, तर ‘तो त्यांचा प्रश्न’ असे म्हणवणार नाही.

जेवणाचे म्हणाल, तर तांदळाची भाकरी आणि पिठले मिळते का ते विचारा. पहिला पाऊस पडला, की बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जरूर घ्या, पण खालचा पिवळा भाग काढून टाका, नाहीतर घसा खाजेल! काकडे मिळाली तर त्यांचा रस, नसतील तर चिंचेचा कोळ भाजीत घाला. आणि घासाघीस करू नका. ती जुडी खुडायला ती बाई पहाटेपासून रानात हिंडलेली असते.