सकाळी लेंडी, संध्याकाळी वैतरणा

दादर, रविवार रात्र

ती. ताईस,


तू जव्हारहून एक दिवस आधी निघालीस, आणि काल फोनवर विचारलंस, "मग शेवटच्या दिवशी काय काय केलंत?" फोनवर नुसती यादी झाली असती, म्हणून हे पत्र.

जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट आणि शिरपामाळ तुझ्याबरोबरच झालं होतं. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते हे कळल्यावर तुझा धाकटा घोडे कुठे बांधले असतील ते शोधत फिरला, आठवतं ना? शेवटच्या दिवशी माणूस हावरट होतो. जीपवाल्यानं पाच ठिकाणं सुचवली. आम्ही दोनच ठरवली: सकाळी दाभोसा, आणि परतताना विक्रमगडचा नेहमीचा रस्ता सोडून मोखाडा-खोडाळामार्गे कसारा.

दाभोसा जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर. लेंडी नदी काळ्या कातळावरून सुमारे ३०० फूट खाली कोसळते. धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. पायवाट उतरताना बांबूला धरून धरून गुडघे दुखले, पण खाली डोहाशी पोचल्यावर तुषारांनी चष्मा धुऊन काढला. सोबत आलेला गावातला मुलगा फार बोलत नव्हता. आमच्यातल्या दोघांनी मधल्या कड्यावरून उडी मारायचं काढलं, तेव्हा मात्र तो स्पष्ट म्हणाला, "पाण्यातला खडक वरून दिसत नाही, दादा." दोघं गुपचूप लाइफ जॅकेट घालून काठाकाठानं तरंगत राहिले. साहसाची हौस तेवढ्यानं फिटली. लेंडी पुढे दमणगंगेला मिळते आणि ते पाणी दमणजवळ समुद्रात जातं, हेही त्यानंच सांगितलं.

मोखाड्याचा रस्ता मात्र तू चुकवलास. पाऊस नुकताच ओसरलाय. उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललीय, तिच्या शेजारी नागली आणि वरई. इतक्या उभ्या चढावर माणसं शेती करतात, की आपल्याला तिथे नुसतं उभं राहायलाही आधार लागावा. दुपारी एका घरगुती खानावळीत नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि लसणीची चटणी जेवलो. मी उगाच म्हटलं, "किती पाणी आहे हो तुमच्याकडे!" वाढणाऱ्या मावशी हसल्या. "आता आहे. होळीनंतर या, मग मोजा."

ताई, मला तिथून पुढचा प्रवास वेगळा दिसायला लागला. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. माती पातळ, खाली बेसॉल्टचा कातळ, आणि सगळीकडे उतार. पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. नद्या खोल दऱ्यांतून वाहतात आणि पाडे वर डोंगरावर. त्यामुळे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, बायका झऱ्याशी वाटीवाटीनं हंडा भरत बसतात, पाड्यांवर टँकर येतो. सकाळी आम्ही ज्या कड्यावर "वा!" म्हटलं, त्याच कड्याच्या चढामुळे हे होतं. धबधबा आणि टंचाई, दोन्ही एकाच उताराची.

खोडाळा सोडून कसाऱ्याकडे निघालो तेव्हा ऊन कललं होतं. वाटेत वैतरणेवरचा उंच पूल लागतो. खाली दरीभर निळं, स्थिर पाणी. मध्य वैतरणा धरणाचा हा फुगवटा. भिंत कोचाळ्याजवळ आहे, शंभर मीटरहून उंच, आणि धरण मुंबई महापालिकेनं बांधलंय. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हा एक, रोज ४५५ दशलक्ष लिटर पुरवठ्यासाठी बांधलेला. इथून पाणी मोडकसागराकडे आणि पुढे भांडुपच्या शुद्धीकरण केंद्राकडे येतं. म्हणजे तुझ्या मुलुंडच्या आणि माझ्या दादरच्या नळात मोखाड्याचा पाऊस असतो. पाणी दरीत साठतं आणि मुंबईपर्यंत उतारानं येतं. शेजारच्या डोंगरावर चढवायला मात्र पंप, वीज आणि पाइप लागतात.

पुलावर सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढले. आनंद कमी झाला असं नाही गं. पण ऑक्टोबरात आपण या मुलखाचं निम्मंच रूप पाहून येतो, आणि तेवढ्यावर "जव्हार-मोखाडा पाहिलं" म्हणतो, हे मला आता खटकतं. सहलीचा शेवटचा दिवस उरलेले पॉइंट उरकण्यात घालवण्यापेक्षा, पाहिलेल्याचा एकमेकांशी काय संबंध आहे ते पाहण्यात घालवावा. आमचा तसा गेला, अर्धा मावशींच्या कृपेनं.

तर आता ठरवूनच टाक. पुढची सहल होळीनंतर करू. तेव्हा मोखाड्याला बोहाडा असतो, देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं रात्रभर नाचतात. मुलांना ते फार आवडेल. दिवसा पाड्यांवरच्या विहिरी पाहू, आणि त्याच खानावळीत जेवू. धबधबा तेव्हा जेमतेम असेल, हे पोरांना आधीच सांगून ठेव, नाहीतर वाटेत रुसतील. भाऊजींची सुट्टी कधी मिळते ते कळव.

तुझी,
धाकटी