एखादी एकांकिका सुचवा!

वैद्याला लोक लग्नाच्या पंगतीतही नाडी दाखवतात, ज्योतिष्यापुढे आगगाडीतही हात पसरतात. आणि मराठीच्या प्राध्यापकाला, भेटेल तेथे, दोन गोष्टी विचारतात. एक, बाळासाठी नाव. आणि दुसरी, स्पर्धेसाठी एकांकिका. नावाचे काम सोपे. ते आवडले नाही तर घरची माणसे मुलाला आयुष्यभर ‘पिंट्या’ म्हणून हाक मारतात आणि मोकळी होतात. एकांकिकेचे तसे नाही. मी सुचवलेल्या तीस पानांत पंधरावीस मुले दोन महिने राहावयास जाणार असतात. तीच वाक्ये ती बसमध्ये बोलणार, तीच जेवताना पुटपुटणार. भाड्याची खोली बघून देतानासुद्धा माणूस भिंतीला ओल आहे का ते पाहतो; मग हे घर सुचवताना दोनदा विचार नको का करायला?

पुण्यात १९६३ साली पुरुषोत्तम करंडक सुरू झाला, आणि पावसाळ्यात कॉलेजातल्या पोरांना एकांकिकेचा ताप चढू लागला. तो अद्याप उतरलेला नाही. आषाढ लागला, की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी घोळका उभा राहतो. “सर, एखादी नवी एकांकिका सुचवा ना!” अटी ठरलेल्या : पात्रे सर्वांना पुरतील एवढी, नेपथ्य टेम्पोत मावेल एवढे आणि बक्षीस मात्र पहिले! त्यातले निम्मे म्हणतात, “विनोदी द्या”, उरलेले म्हणतात, “अंगावर काटा येईल अशी द्या.” जणू माझ्याकडे दोन कपाटे आहेत, एका दारावर हसरा मुखवटा आणि दुसऱ्यावर कवटी!

माझ्याकडे कपाट एकच आहे. पॅरिसमध्ये एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या जागेत ‘ग्रां गिन्योल’ नावाचे चिमुकले नाट्यगृह १८९७ पासून १९६२ पर्यंत चालले. तेथे एका संध्याकाळी चारपाच लहान लहान नाटके होत. एक रक्त गोठवणारे, की लगेच एक खो खो हसवणारे, पुन्हा एक थरकाप उडवणारे. त्या मालकांना एक मर्म कळले होते. हसून सैल पडलेला माणूस चांगला घाबरतो आणि घाबरून आखडलेला माणूस मोकळेपणाने हसतो. एवढे लांब तरी कशाला? आपल्या रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि बालनाट्येही लिहिली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण रंगमंचावर आली, की पोरे हसतातही आणि हसता हसता आईच्या कुशीत तोंडही लपवतात. ती पोरे काही विनोदी आणि भीतिदायक असे दोन खाने करीत नाहीत. ते काम आपण मोठी माणसे करतो.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या घोळक्याला मी काय वाचावयास दिले ते सांगतो. प्रथम दिले चेकॉव्हचे १८८८ सालचे ‘अस्वल’. नव्याकडे जायचे तर जुन्या उंबऱ्यावरून जावे. नवऱ्याच्या शोकात बुडालेली एक विधवा, आणि मयताने करून ठेवलेल्या कर्जाच्या वसुलीला आलेला एक रांगडा जमीनदार. भांडण पिस्तुलांपर्यंत जाते आणि प्रेमात संपते. पिस्तूल खरे आहे म्हणूनच हसू येते, हे मुलांना तालमीत आपोआप कळते.

मग दिल्या कॅरिल चर्चिल या इंग्रज लेखिकेच्या तीन छोट्या नाटिका. बाईंनी त्या लिहिल्या पंचाहत्तरी ओलांडल्यावर, म्हणजे ज्या वयात आपण आठवणी लिहितो त्या वयात! ‘एस्केप्ड अलोन’ (२०१६) तासाभराचीही नाही. परसदारी चार वृद्ध बायका चहा घेत गप्पा मारतात. विषय साधेच. पण त्यांतली एकजण मधूनच आपल्याकडे वळते आणि जगाच्या विनाशाचा वृत्तांत पंचांग वाचावे तशा कोरड्या स्वरात सांगते; पुन्हा गप्पा चालू. ‘ब्लूबिअर्ड्स फ्रेंड्स’ (२०१९) ही दुसरी. बायकांना मारून टाकणाऱ्या नवऱ्याची एक जुनी युरोपीय कथा आहे. त्या नवऱ्याचे मित्रमैत्रिणी जमून ‘आपल्याला आधी कसे बरे कळले नाही’ अशी चर्चा करतात. वर्गात वाचन झाले तेव्हा पोरे पोट धरून हसली. मग एक मुलगी हसता हसता थांबली आणि म्हणाली, “सर, आमच्या सोसायटीत असंच बोलत होते सगळे.” पुढचे पान वाचावयास कोणी लवकर सुरुवात करीना.

तिसरी ‘व्हॉट इफ इफ ओन्ली’ (२०२१). ही जेमतेम वीसेक मिनिटांची. जिवाभावाचे माणूस गमावलेली एक व्यक्ती एकटीच त्याच्याशी बोलत असते. आणि मग जे घडू शकले असते पण घडले नाही, ते भविष्यकाळच भुतांसारखे तिच्या खोलीत येऊ लागतात. ‘असे झाले असते तर’ याचे भूत! आपल्याकडे पिंपळावरची भुते पुष्कळ आहेत. परंतु २०२१ नंतर हे भूत किती घरांत येऊन राहिले आहे, ते मी वेगळे सांगावयास नको. ‘एक दिवस आधी दवाखान्यात नेले असते तर?’

ही नाटके मराठीत करायची तर लेखिकेची रीतसर परवानगी हवी. “मग सर, वाचून उपयोग काय?” असे घोळक्याने विचारलेच. उत्तर मी दिले नाही. ते मागच्या बाकावरच्या एका मुलाने दिले. त्याचे वडील त्याच वर्षी गेले होते. आठवड्याने त्याने स्वतः लिहिलेली अठरा पाने माझ्यापुढे ठेवली.

घर दोन खोल्यांचे. वडील जाऊन बरेच महिने झालेले. परंतु आई दर महिन्याला न चुकता त्यांच्या मोबाईलला रिचार्ज मारते. त्यावरून घरात जुंपलेली. काका हिशेब मांडतो, आजी म्हणते, “त्याच्या नंबरावर गॅसचं पुस्तक आहे,” बँकेतला माणूस कर्ज घ्या म्हणून त्याच नंबराला गळ घालतो. पंधरा मिनिटे नुसता हशा! आणि शेवटी सगळे दमून गप्प बसलेले असताना फळीवरचा तो फोन वाजू लागतो. नाव कोणाचे दिसते हे आपल्याला कळत नाही. आई उठते, फोनपर्यंत जाते, पण तो उचलत नाही. फोन वाजतच राहतो आणि अंधार होतो.

स्पर्धेत प्रयोग झाला तेव्हा मी मागच्या रांगेत उभा होतो. हशा कोठे थांबला ते मला नेमके सांगता येईल. पण त्या जागी भीती सुरू झाली की दुःख, ते मला सांगता येणार नाही. परीक्षकांनी उत्तेजनार्थ बक्षीस दिले आणि प्रकाशयोजना साधी असल्याचे मत नोंदवले.

नव्या एकांकिकांचे दुर्दैव असे, की त्या चार प्रयोग जगतात आणि मग व्हॉट्सॲपच्या ढिगाऱ्यात गडप होतात. पुढच्या वर्षीच्या पोरांना त्यांचे नावही ठाऊक नसते. म्हणून त्या मुलाकडून मी एक स्वच्छ प्रत मागून घेतली, त्याच्या हातची सही घेतली आणि टेबलाच्या वरच्या खणात ठेवली. हल्ली ‘नवी एकांकिका सुचवा’ म्हणून कोणी आले, तर चेकॉव्ह आणि चर्चिल मागाहून. आधी मी तो खण उघडतो.