लवकर झालं का, उशीर झाला का?

घरातल्या आजारी कुत्र्याला किंवा मांजराला डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन निरोप द्यावा लागला असेल, तर तुम्हाला हे दोन प्रश्न ओळखीचे असतील. ‘आपण घाई तर केली नाही ना?’ आणि ‘आपण फार उशीर तर केला नाही ना?’ नवल म्हणजे हे दोन्ही प्रश्न एकाच रात्री, एकापाठोपाठ येतात. पहिल्याचं उत्तर शोधत कूस बदलावी, तर दुसरा समोर हजर!

मी हे सगळं गेल्या वर्षीपासून अनुभवते आहे. तुमच्यापैकी कोणी आज त्याच जागी असेल, तर थोडा आधार मिळावा म्हणून लिहिते आहे.

आमची भुरी चाकणची. बाबांच्या कंपनीच्या गेटजवळ सापडलेलं गावठी पिल्लू. बाबांची बदली चेन्नईजवळच्या ओरगडमला झाली, तेव्हा भुरीसुद्धा आमच्याबरोबर आली. इथे सगळीकडे गाड्यांचे आणि सुट्या भागांचे कारखाने, वंडलूर-वालाजाबाद रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक. पण आमची गल्ली शांत आहे. तमिळमध्ये ‘भ’ नाही, त्यामुळे शेजारच्या अक्का तिला ‘पूरी’ म्हणायच्या. बघता बघता ती सगळ्या गल्लीची पूरी झाली.

तेराव्या वर्षी तिच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं. हा आजार असा लबाड आहे की किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत फारसं दिसत नाही. म्हणून ‘आधीच का कळलं नाही’ असं तुम्ही स्वतःला विचारत असाल, तर हे लक्षात ठेवा. कळण्यासारखं काही दिसतच नसतं. जनावर थोडं जास्त पाणी पितं, थोडं बारीक होतं, आणि आपण म्हणतो, वय झालं.

पुढचे चार महिने तांबरमच्या डॉक्टरांकडे फेऱ्या, कातडीखाली सलाइन, औषधं, वेगळं जेवण. सुरुवातीला फरक पडला. मग उलट्या वाढल्या, तोंडात फोड आले. शेवटी डॉक्टर म्हणाले, “आता मी तिला बरं करू शकत नाही. त्रास मात्र थांबवू शकतो.” बाबा सेकंड शिफ्टला होते. आईचा धीर होईना. परवानगीच्या कागदावर सही माझी आहे.

सकाळी तिनं शेपूट हलवली होती

मला सगळ्यात जास्त छळलं ते या गोष्टीनं. त्या दिवशी सकाळी भुरीनं अक्कांनी दिलेली अर्धी इडली खाल्ली आणि शेपूट हलवली. मग वाटत राहतं, ती बरी होत होती की काय?

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते तुम्हालाही सांगते. अशा आजारात चढ-उतार असतात, एखादी सकाळ बरी जाते. आणि ओळखीचं माणूस दिसलं की कुत्रं दुखत असतानाही शेपूट हलवतं. त्याला माणूस आवडतं, एवढाच त्याचा अर्थ. दुखत नाही, असा नव्हे.

आम्हाला इथे मदत झाली ती कालनिर्णयची. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आई रोज एक खूण करत होती. दिवस बरा गेला तर बरोबर, वाईट गेला तर फुली. शेवटच्या अठरा दिवसांत बरोबरच्या खुणा तीनच होत्या. मन मात्र नेमके तेच तीन दिवस दाखवत होतं.

हेच काम जरा शास्त्रीय पद्धतीनं करता येतं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्यांसाठी सात मुद्द्यांची एक मोजपट्टी तयार केली आहे: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, एकूण ७०. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं अजून सुसह्य आहे असं धरतात. आज तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर ही नोंद ठेवायला आजच सुरुवात करा. निर्णयाच्या दिवशी तिचा उपयोग होईलच. त्याहून जास्त नंतर होईल.

डोळे उघडे का राहतात?

काहींना शेवटची दोन मिनिटं पुन्हा पुन्हा दिसतात. डोळे मिटले नाहीत, नंतर एकदा तोंड उघडून श्वास घेतल्यासारखं झालं. तिला कळत होतं का? दुखलं का?

साधारणपणे आधी गुंगीचं औषध देतात. नंतरचं औषध म्हणजे भूल देण्याच्या प्रकारातलंच औषध, फक्त खूप मोठ्या मात्रेत. त्यानं आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डोळे मिटायला स्नायूंचा जोर लागतो, म्हणून ते उघडेच राहतात. नंतरचा तो श्वास किंवा पायाची थरथर ही शरीराची आपोआप होणारी हालचाल असते. ते जाणवायला तिथे शुद्ध उरलेली नसते. मनात शंका असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा. सहा महिन्यांनी विचारलंत तरी चालेल.

“जीव आपण दिला नाही, मग घ्यायचा कसा?”

हे माझ्या आजीचं वाक्य. ती साताऱ्याची. ती भांडली नाही, फक्त एवढंच म्हणाली आणि जपमाळ घेऊन बसली. मामांचा फोन आला, ते म्हणाले, “धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गातही गेला नाही गं.” त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण लागलं.

मग मी वाचायला लागले. आजीचा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी खुद्द गांधीजींना विचारला गेला होता. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं. त्याला कुशीवर वळवणंही अशक्य झालं होतं. उपचार करणाऱ्यांनी आशा सोडली होती. आश्रमातल्या लोकांशी चर्चा करून, काहींचा विरोध असतानाही, गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं. मग ‘नवजीवन’मध्ये त्यावर उघडपणे लिहिलं. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या माणसानं असं केलं म्हणून संतापाची पत्रं आली. पण ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. जो जीव देता येत नाही तो घेऊ नये, या आक्षेपावर त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: मारण्यामागे आपला स्वार्थ असेल, तर हा मुद्दा लागू पडतो.

आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही मान्य करतो की काही वेळा जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरते. हा कायदा यावा म्हणून झटणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल म्हणजे चेन्नईच्या ‘कलाक्षेत्र’च्या संस्थापक, आणि प्राण्यांवर जीव असलेल्या!

पण ‘स्वार्थ’ या शब्दाशी मी अडखळले. कारण मी दमले होते. रात्री तीनला उठून फरशी पुसायची आणि सकाळी नऊला लॅपटॉप उघडायचा. पैसेही भराभर जात होते. मग माझ्या निर्णयात स्वार्थ नव्हता, हे मी कशाच्या जोरावर म्हणू?

शेवटी मी स्वतःला एक प्रश्न विचारला. तुम्हीही विचारून बघा. कोणी सांगितलं असतं, ‘अजून दोन महिने अशाच रात्री जागून काढ, ती नक्की बरी होईल,’ तर जागले असते का? क्षणभरही विचार न करता ‘हो’ आलं. म्हणजे मी दमले होते हे खरं, पण सही दमल्यामुळे केली नव्हती. दमणं आणि प्रेम एकाच घरात राहतात.

आणि धर्मराजाचं म्हणाल, तर त्यानं आश्रयाला आलेल्या कुत्र्याला वाटेत टाकलं नाही, ही त्या गोष्टीतली मोठी बाब. शेवटच्या श्वासापर्यंत भुरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सोडून जाणं म्हणतात ते हे नव्हे.

‘एका कुत्र्यासाठी एवढं?’

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ऑफिसात रजेचं कारण ‘घरगुती काम’ असं लिहिलं असेल. मी तर दुसऱ्या दिवशी प्रेशर कुकर कसा निवडावा यावर दोन लेख लिहून दिले. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ च्या पुस्तकात अशाच दुःखाचा विचार मांडला: ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मानत नाही, ते माणसाला एकट्यानंच वाहावं लागतं, म्हणून ते जास्त जड होतं.

खरं तर आपल्याकडे ते मानलं गेलं आहे. तेराव्या दिवशी आजीच म्हणाली, “अगं, आमच्याकडे संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे, खंड्याची. लोक अजून बघायला जातात.” मग ती स्वतः काठी टेकत अक्कांच्या जागेतल्या वेप्पमरमपाशी, म्हणजे कडुनिंबापाशी गेली. भुरीला आम्ही तिथेच पुरलं आहे. आजीनं तिचं मत बदललेलं नाही. आमचं अजूनही एकमत नाही. पण फूल तिनंही वाहिलं.

आता काय करायचं?

घरात लहान मुलं असतील तर ‘तिला झोपवलं’ असं सांगू नका. मुलं झोपायला घाबरतात. ‘ती खूप आजारी होती, बरी होणार नव्हती, डॉक्टरांनी तिला त्रास न होता मरायला मदत केली’ एवढं साधं सांगा. माझा धाकटा भाऊ आठवडाभर रागावला होता. त्याला ओरडलो नाही. त्याचा रागही त्या दुःखातूनच आला होता.

स्वतःला एक पत्र लिहा, त्या दिवशी तुम्हाला जेवढं माहीत होतं तेवढंच धरून. आज माहीत असलेलं त्यात घालू नका. निर्णय त्या दिवशी घेतला होता, आजच्या दिवशी नव्हे. आणि झोप, जेवण, काम काहीच जागेवर येत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ती मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आता त्या दोन प्रश्नांबद्दल. मला वाटतं, अशा आजारात एक बरोबर दिवस नसतोच. काही दिवसांचा एक पट्टा असतो. त्यातला कुठलाही दिवस निवडला तरी एका बाजूनं लवकर वाटतो आणि दुसऱ्या बाजूनं उशिरा. दोन्ही शंका एकदम येत असतील, तर तुमचा दिवस बहुतेक त्या पट्ट्यातलाच होता.

आणि तुमच्या ओळखीत आज कोणाच्या घरी हे घडलं असेल, तर ‘दुसरं पिल्लू आण’ असं सांगू नका. नाव विचारा. कसं होतं, काय खायचं, कोणावर भुंकायचं, ते विचारा. आणि मग थोडा वेळ ऐका.