खारपाणपट्ट्यातून दोन पत्रे

दर्यापूर, रात्री

तीर्थरूप बाबांस,

पूर्णा नदीकाठचा, खाऱ्या विहिरींचा हा खारपाणपट्टा म्हणजे देवाने टाकून दिलेला मुलूख, असं तुम्ही नेहमी म्हणता. ते मला पटत नाही, आणि त्याची साक्ष इथल्या ताटातच आहे. तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, हरभऱ्याचे ओले घाटे. हे सगळं याच काळ्या रानात, विहिरीच्या थेंबाशिवाय पिकतं. पावसाची ओल ही चिकणमाती धरून ठेवते आणि तिच्यावर हरभरा उभा राहतो. पाणी मात्र घशाखाली उतरत नाही. विहिरीच्या काठावर सांडलेलं वाळलं की पांढरा थर उरतो. बोटाने खरवडून जिभेला लावला तर खारट. म्हणजे दुखणं जमिनीच्या पोटातल्या पाण्याचं आहे, आणि दोष मात्र जमिनीला लागतो.

हे ध्यानात घेतलं की नकाशा उलगडतो. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोडं पाणी, म्हणून आपल्या अचलपूरकडे संत्र्याच्या बागा आणि अंजनगाव, अकोटकडे पानमळे. दक्षिणेला अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही १८६७ साली नागपूरला पोचलेल्या रेल्वेवरची गावं. मधल्या पूर्णाकाठच्या खाऱ्या पट्ट्यात मोठं शहर उभंच राहिलं नाही. पण कपाशीला विहीर लागत नव्हती, पाऊस पुरत होता. १८६१ ते १८६५ च्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला भाव आला, तेव्हा हा पट्टाही कापूसच पिकवत होता. माल इथल्या रानातून गेला, जिन आणि पेढ्या मात्र स्टेशनाजवळ वाढल्या. या पट्ट्याला दरिद्री म्हणताना हा हिशेब विसरू नये.

अकोला, सकाळी

ती. बाबांस सा. न.,

दहिहांडा हे गाव याच खारपाणपट्ट्यात येतं. १९३० च्या एप्रिलमध्ये वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला तो तिथे, समुद्रापासून शेकडो मैल दूर, खाऱ्या विहिरीच्या पाण्याचं मीठ करून. तुम्ही म्हणाल, मग इथे पूर्वी समुद्रच असणार. गावोगाव तसंच सांगतात. पण खारेपणाला समुद्रच हवा असं नाही. पूर्णेचं खोरं खचलेल्या खोलगट भागात आहे, त्यात नद्यांनी गाळाचे जाड थर आणून टाकले. चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कालवे आणा, प्रश्न मिटेल. प्यायच्या पाण्यापुरतं ते खरं आहे. शहानूर आणि वान धरणांचं पाणी नळाने इकडच्या गावांत येतं, आणि तो हक्क कुणी नाकारू नये. पण निचरा नसलेल्या रानात बारमाही पाणी सोडलं तर खालचे क्षार वर येतील आणि आज चांगलं पिकणारं रानही जाईल. म्हणून शेताचं उत्तर पावसातच शोधायला हवं. शेततळ्यात साठलेलं पावसाचं पाणी गोडं असतं. एक खंड पडला तर एका ओलिताने पीक वाचतं. पाऊसच न आल्यास तळंही कोरडं राहणार, हे कबूल. तरीही खारी विहीर उपसण्यापेक्षा आणि कालव्याची वाट पाहत पिढी घालवण्यापेक्षा हा मार्ग जमिनीच्या स्वभावाला धरून आहे.

इथे दर घोटाला आपल्या माजघरातला माठ आठवतो. आईला सांगा, परवा संध्याकाळी पोचतो.