पोटमाळ्यावरचा कॉम्प्युटर

गिरगावातल्या आमच्या खोलीच्या पोटमाळ्यावरून तो डबा मी श्रावणात खाली उतरवला. २००९ साली लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जुळवलेला. पेंटियम ड्युअल कोअर, १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि आत विंडोज एक्सपी. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचे अपडेट थांबले, त्यानंतर जुनी चादर गुंडाळून आम्ही त्याला वर चढवलं होतं.

उतरवला तो बाबांसाठी. बाबा ७८ वर्षांचे. तरुणपणी ठाकुरद्वारच्या एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी बसवायचे. छापखाने डीटीपीकडे वळले तसे तेही कीबोर्डवर आले. चाळीच्या गणपतीतली आरत्यांची पुस्तिका वर्षानुवर्षं त्यांच्याच हातची, आणि तिच्या सगळ्या फायली या डब्यात. मोबाइलवर टाइप करणं त्यांना जमत नाही. बोटाखाली कळ लागावी लागते, असं ते म्हणतात.

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "भंगारात द्या." मला ते पटेना. पुस्तिका टाइप करायची, वर्गणीची यादी ठेवायची, एवढ्या कामाला हे यंत्र २००९ मध्ये पुरत होतं. ते काम काही वाढलेलं नाही.

बटण दाबलं तर पडदा काळाच आणि नुसत्या शिट्ट्या. रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासले, रबराची भुकटी फुंकून पट्टी परत बसवली. शिट्ट्या थांबल्या. मुंबईच्या दमट हवेत या दातांवर थर चढतोच. दुसरा स्लॉट मात्र मेलेला निघाला, म्हणजे रॅम १ जीबीच राहणार. मदरबोर्डवरचा बटणसेलही संपला होता. तो आधी बदलला, कारण तारीख मागे गेली की ब्राउझर एकही सुरक्षित साइट धड उघडू देत नाही, आणि माणूस उगाच इंटरनेटला दोष देत बसतो.

मग पेनड्राइव्हवर अँटीएक्स घेतलं. डेबियनवर उभं असलेलं हे लिनक्स जुन्या मशीनसाठीच बांधलेलं आहे आणि डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनही चालतं. त्यामुळे बाबांच्या फायली आधी सुखरूप दुसरीकडे काढता आल्या, डिस्क पुसली ती नंतर. आइसडब्ल्यूएमचा साधा डेस्कटॉप उघडल्यावर टर्मिनलमध्ये 'फ्री' ही कमांड दिली. २०० एमबीसुद्धा खर्च झाली नव्हती. मी तो आकडा दोनदा पाहिला.

रॅम भरली की डिस्कचा एक तुकडा स्वॅप म्हणून वापरला जातो, म्हणजे लगेच न लागणारं सामान पोटमाळ्यावर टाकायचं. पण प्रत्येक वेळी शिडी लावून चढायचं म्हटलं की घरातलं काम अडतं. जुनी डिस्क तर फारच सावकाश चढते. त्यावर झेडरॅम उपयोगी पडलं. ते रॅममधलंच सामान दाबून, गोधड्यांचं गाठोडं आवळावं तसं बांधून ठेवतं, आणि पोटमाळ्यावर जायची वेळ कमी येते. ब्राउझरमध्ये एका वेळी एकच टॅब, हा नियम मात्र पाळावाच लागतो. लिब्रेऑफिस उघडायला पाऊण मिनिट लागतं. एकदा उघडलं की चालतं.

जुन्या फायली उघडल्या आणि बाबा गप्प झाले. त्या युनिकोडच्या आधीच्या फाँटांत बसवलेल्या, त्यामुळे पानभर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. रूपांतर करून पाहिलं, पण जोडाक्षरं फुटली. बाबांनीच निर्णय दिला, "राहू दे. मी परत जुळवतो."

कीबोर्ड इनस्क्रिप्टचा लावला. मराठीचा हा आराखडा यंत्रणेत मुळातच असतो, त्यासाठी मागे वेगळा प्रोग्राम चालत ठेवावा लागत नाही. एवढ्याशा रॅममध्ये तीही बचत. बाबांना सवय टाइपरायटरच्या कळांची. त्यांना म्हटलं, "डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं." ते कळांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे केसच की. कुठल्या खणात काय, एवढंच लक्षात ठेवायचं." खिळ्यांची केस ज्याने वीस वर्षं न बघता चाळली त्याच्या बोटांनी इनस्क्रिप्ट आठवड्यात धरलं. ग, मोडका पाय, र, ह: हलक्या आवाजात पुटपुटत ते टाइप करायचे आणि मी शेजारी बसून ऐकायचो.

तिसऱ्या दिवशी अडलं. "हा ल आपला नाही," ते म्हणाले. पडद्यावर हिंदी वळणाचा, दंड असलेला ल होता. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानेही हीच रूपं प्रमाण ठरवली. बाबांना शासननिर्णयाची गरज नव्हती. हजारो पाकळ्यांचे ल त्यांच्या चिमटीतून गेले होते.

बऱ्याच शोधानंतर उमगलं की आमच्या फाँटात दोन्ही रूपं आहेत. कुठलं दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवर ठरतं, आणि आमच्या फायलीची भाषा हिंदी पडलेली होती. मजकूर निवडला, भाषा मराठी केली. क्षणभर पडदा अडखळला आणि मग पानावरचे सगळे ल पाकळ्यांचे झाले.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकले आणि पेन्सिलीचं टोक ओळीओळीवरून फिरवत पान वाचू लागले. मी चहा घेऊन आलो तेव्हा टोक चौथ्या पानावर थांबलं होतं.

"मथळ्यातला श राहिला," ते म्हणाले.