तड्याला त्याच मालाचं ठिगळ

तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आणि खाडीत फिरणारी प्लास्टिकची कयाक या सख्ख्या बहिणी आहेत, असं सांगितलं तर हसाल ना? पण दोघींचा जन्म एकाच पद्धतीने होतो. साच्यात पॉलिथिनची पूड टाकून साचा भट्टीत सावकाश फिरवतात. पूड वितळून आतल्या भिंतींवर बसते आणि बिनजोडाची पोकळ वस्तू तयार होते. याला रोटोमोल्डिंग म्हणतात.

मला हे कळलं ते बाबांच्या कयाकमुळे. फ्रोझन शोल्डर झाल्यापासून त्यांना वल्हं मारता येईना. देवबागच्या खाडीत परत जायचा एकच मार्ग उरला होता, पायाने चालवायची पेडल कयाक. अमेरिकेतल्या होबी कंपनीने 1997 मध्ये पाण्याखाली दोन पंख हलवणारं पेडल-यंत्र आणलं. पंख्यावर चालणाऱ्या कयाकही मिळतात. बाबांनी घेतलेली पंख्याची, बरीच जुनी, सेकंडहँड.

यंत्र बुडातल्या ज्या खाचेत बसतं, तिच्या कोपऱ्यात बोटभर तडा दिसला. आई म्हणाली, "भंगारात द्या. भर खाडीत उकलली तर?" प्रश्न बरोबर होता, म्हणून उत्तरही नीट शोधायला हवं होतं.

तडा तिथेच का? कारण पेडलवरच्या प्रत्येक दाबाचा ताण त्या खाचेवर येतो. बूड जरा जरा वाकतं, परत सरळ होतं. त्यात वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं पॉलिथिन ठिसूळ होतं.

अशा वेळी आपला हात आधी इपॉक्सीकडे जातो. पण पॉलिथिनला साधा गोंद नीट धरतच नाही. वाकलं की पापुद्रा सुटतो. इथे लागतं प्लास्टिक वेल्डिंग. गाड्यांचे बंपर सांधणारे कारागीर हेच काम करतात. आमच्याकडे आलेल्या दादांनी आधी कयाक गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवली. तडा पुढे सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना बारीक भोक पाडलं. वरचा उन्हाने खराब झालेला थर खरवडला, तड्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिली आणि पॉलिथिनचीच कांडी गरम हवेने वितळवून भरली. कांडी आणि बूड दोन्ही एकाच वेळी मऊ व्हायला हवेत, नाहीतर टाका नुसता वर बसतो. वरून स्टीलची बारीक जाळी गरम करून प्लास्टिकमध्ये दाबली आणि पुन्हा माल चढवला. गार होऊ दिलं ते आपोआप, पाणी न ओतता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही जुन्या नावा क्रॉसलिंक्ड पॉलिथिनच्या असतात. ते तापवलं तरी नीट वितळत नाही, त्यामुळे असं वेल्डिंग जमत नाही. म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी थोडं वितळवून बघायचं.

पण नुसता तडा बुजवून भागत नाही. वाकणं थांबलं नाही, तर नवा तडा शेजारीच पडेल. म्हणून खाचेच्या दोन्ही बाजूंना, बूड आणि वरचा भाग यांच्यामध्ये, पाणी न शोषणाऱ्या फोमचे ठोकळे घट्ट बसवले. आता हाताने दाबलं तरी बूड फारसं लवत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र परीक्षेनेच मिळालं. टाक्यावर साबणाचं पाणी लावून आत हलकीशी हवा सोडली; एकही बुडबुडा आला नाही. मग बाबा काठालगत, कमरेभर पाण्यात, अर्धा तास पेडल मारत राहिले. बाहेर आल्यावर आतलं पाणी मोजायला आईच पुढे झाली. आत कोरडं होतं.

तरी नियम ठरले आहेत. लाइफ जॅकेट कायम, वारा असेल तर सुट्टी आणि दर फेरीनंतर टाक्यावरून बोट फिरवायचं. कयाक आता सावलीत, रुंद पट्ट्यांवर झोपते.

तुमच्याकडेही अशी एखादी जुनी नाव असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी ती उलटी करून उजेडात बघा. सगळ्या अंगावर बारीक चिरा असतील, तर मोह सोडा. तडा एकच असेल आणि बाकीचं प्लास्टिक अजून चिवट असेल, तर एखाद्या चांगल्या कारागिराला नक्की दाखवा.